अमेरिकेतली विद्यार्थी कर्जमाफी आणि पगारानुसार हप्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बायडनच्या त्या कर्जमाफीचं शेवटी झालं काय?' हा प्रश्न अमेरिकेत भाचरं-पुतणी असलेल्या घरांत अजूनही निघतो. त्याचं एका वाक्यात उत्तर देणं अवघड आहे, कारण माफीच्या योजना एकाच वेळी चार-पाच चालू होत्या. त्यातली सर्वांत गाजलेली कोर्टात बुडाली. ज्यांच्यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही, त्यांतून लाखो लोकांची कर्जं खरोखर मिटली. खालची उत्तरं अमेरिकेच्या केंद्र सरकारने दिलेल्या कर्जांबद्दल आहेत. खासगी बँकेच्या कर्जाला यातलं काहीही लागू होत नाही.

हे कर्ज देतं कोण, आणि आहे तरी किती?

कर्ज सरकार देतं. सुमारे ४.३ कोटी लोकांच्या डोक्यावर मिळून १.६ लाख कोटी डॉलरहून अधिक रक्कम आहे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यापासून बराच काळ पैसा बँकांचा आणि हमी सरकारची अशी रीत होती. २०१० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बँकांना बाजूला केलं आणि नवी सगळी कर्जं थेट शिक्षण खात्याकडून मिळू लागली. हप्ते गोळा करायचं काम मात्र कंत्राटी कंपन्यांकडे आहे, आणि लोकांच्या बहुतेक तक्रारी त्यांच्याच नावाने असतात.

राजकारणाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सावकारच सरकार असल्यामुळे माफीसाठी कुठल्या बँकेला भरपाई द्यावी लागत नाही. सरकारला आपलंच येणं सोडायचं असतं. मग ते सोडायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा की काँग्रेसचा? गेल्या काही वर्षांतले सगळे खटले याच प्रश्नाभोवती फिरले.

२०२२ मध्ये जाहीर झालेली १०,००० डॉलरची माफी कोणाला मिळाली?

कोणालाही नाही.

२४ ऑगस्ट २०२२ ला घोषणा झाली. वर्षाला १,२५,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या एकट्या व्यक्तीला (जोडप्याला २,५०,०००) १०,००० डॉलरपर्यंत माफी, आणि गरीब घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारं पेल अनुदान ज्यांनी घेतलं होतं त्यांना २०,००० पर्यंत. सुमारे २.६ कोटी लोकांनी माहिती भरली, त्यातल्या १.६ कोटींना मंजुरीही मिळाली. पण पैसे वळते होण्याआधीच कोर्टाची स्थगिती आली आणि ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी योजना रद्द केली. तोवर १.६ कोटी लोकांना 'तुमचा अर्ज मंजूर' असं कळवून झालं होतं. या लोकांचा राग कोणावर निघेल हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं.

कोर्टाने नेमकं कशावर बोट ठेवलं?

प्रशासनाने आधार घेतला होता २००३ च्या 'हीरोज' कायद्याचा. ११ सप्टेंबरनंतर, इराक युद्धाच्या सुमारास, लढाईवर गेलेल्या सैनिकांचे हप्ते थकू नयेत म्हणून तो केलेला. राष्ट्रीय आणीबाणीत शिक्षणमंत्र्यांना कर्जाचे नियम शिथिल करता येतील किंवा बदलता येतील, असं त्यात म्हटलं आहे. कोविड ही आणीबाणी होती, तेव्हा हा अधिकार आपल्याला आहे, असं प्रशासनाचं म्हणणं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचं उत्तर असं की नियमांत थोडा फेरफार करणं वेगळं, आणि काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने ज्याचा खर्च ४०० अब्ज डॉलर काढला आहे अशी अख्खी नवी योजना उभी करणं वेगळं.

निकालात रॉबर्ट्स यांनी नॅन्सी पलोसी यांचं विधान उद्धृत केलं. पलोसी डेमोक्रॅट, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या सभापती. राष्ट्राध्यक्ष हप्ते पुढे ढकलू शकतात पण कर्ज माफ करू शकत नाहीत, त्यासाठी काँग्रेसचा कायदाच लागतो, असं त्या जुलै २०२१ मध्ये म्हणाल्या होत्या. आपल्याच पक्षाच्या योजनेविरुद्ध त्यांचे शब्द निकालपत्रात येऊन बसले.

मला त्याहून रंजक वाटतो तो दुसरा मुद्दा: माफीने नुकसान कोणाचं? नुकसान दाखवल्याशिवाय खटला उभाच राहत नाही. मिसूरी राज्याने आपल्या 'मोहेला' या सरकारी संस्थेकडे बोट दाखवलं. खाती बंद झाली तर हप्ते गोळा करण्याच्या तिच्या शुल्कातून वर्षाला सुमारे ४.४ कोटी डॉलर जातील, म्हणून राज्याचं नुकसान. मोहेला स्वतः कोर्टात आली नव्हती, आणि न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात नेमकं तेच सुनावलं. कोट्यवधी लोकांची माफी एका वसुली संस्थेच्या कमिशनवर अडली.

मग '५० लाख लोकांची कर्जं माफ झाली' ही बातमी खोटी होती का?

खरी होती. बायडन यांच्या कारकिर्दीअखेर ५० लाखांहून अधिक लोकांचं मिळून जवळपास १८९ अब्ज डॉलरचं कर्ज मिटलं. पण ते आधीपासून कायद्यात असलेल्या वाटांनी: सरकारी किंवा सेवाभावी नोकरी करणाऱ्यांची माफी, पगारानुसार हप्ते वीस-पंचवीस वर्षं भरलेल्यांची माफी, कॉलेजने फसवलेल्यांची माफी आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांची माफी.

यातली पहिली जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे. सरकारी खात्यात, शाळेत, ना-नफा रुग्णालयात पूर्णवेळ काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं माफ, असा कायदा जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या सहीने २००७ मध्ये झाला. लोक 'पीएसएलएफ' म्हणतात तो हा. दहा वर्षं पूर्ण झालेली पहिली तुकडी ऑक्टोबर २०१७ मध्ये अर्ज घेऊन उभी राहिली आणि सुरुवातीचे सुमारे ९९ टक्के अर्ज परत आले. कारणं काय? कोणाचं कर्ज जुन्या बँकवाल्या प्रकारातलं होतं, कोणाची हप्त्याची योजना चुकीची होती, आणि कोणाचा हप्ता एखाद्या सेंटने कमी किंवा काही दिवस उशिरा आलेला, म्हणून तो मोजलाच नाही. दहा वर्षं शिकवलेल्या शिक्षिकेला असं उत्तर द्यायला मन किती घट्ट लागत असेल! ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रशासनाने वर्षभरासाठी या अटी सैल केल्या. त्याआधी जेमतेम ७,००० लोकांना मिळालेली ही माफी बायडन यांच्या अखेरीपर्यंत दहा लाखांवर लोकांना मिळाली. कायदा तोच होता, फक्त हप्ते मोजण्याची रीत बदलली.

पगारानुसार हप्ता म्हणजे काय? साध्या हिशोबात सांगा.

ठरीव हप्त्यात कर्जाची रक्कम पाहून आकडा निघतो. पगारानुसार हप्त्यात रक्कम कितीही असो, पगार बघतात. जगण्यापुरता म्हणून पगाराचा एक भाग बाजूला ठेवायचा, वरच्या भागावर ठरावीक टक्के भरायचे, आणि ठरावीक वर्षांनी शिल्लक राहील ती माफ.

एकटी राहणारी मुलगी, पगार वर्षाला ४५,००० डॉलर, कर्ज पदवीचं. २०२५ ची एका माणसाची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर.

'आयबीआर' या योजनेत दारिद्र्यरेषेच्या दीडपट, म्हणजे २३,४७५ डॉलर बाजूला राहतात. उरलेल्या २१,५२५ वर १० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १७९ डॉलर. जुलै २०१४ पूर्वी कर्ज घेतलेलं असेल तर १० ऐवजी १५ टक्के, म्हणजे २६९. बायडन यांच्या 'सेव्ह' योजनेत सव्वादोनपट रक्कम बाजूला राहत होती आणि पदवीच्या कर्जाला ५ टक्केच होते. तो हप्ता झाला असता सुमारे ४१ डॉलर.

मुलगी तीच, पगार तोच, कर्जही तेच. हप्ता ४१ की २६९, हे मधल्या टक्क्यांवर ठरतं. '१०,००० माफ' अशी घोषणा सगळ्यांना समजते, म्हणून भांडणं तिच्यावर झाली. हे टक्के कुठल्याशा नियमावलीच्या पानावर बदलतात आणि कर्जदाराच्या खिशावर आयुष्यभर परिणाम करतात. पगारानुसार हप्ता हीसुद्धा माफीच आहे, फक्त हप्त्याहप्त्याने दिलेली.

ही कल्पना कुठून आली?

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच असा विचार मांडला होता. येल विद्यापीठाने १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांवर तो करून पाहिला. अख्ख्या तुकडीचं कर्ज फिटेपर्यंत सगळ्यांनी उत्पन्नाचा वाटा देत राहायचं, अशी त्यातली अट होती. कमावते लोक वैतागले आणि विद्यापीठाने २००१ मध्ये तो प्रयोग आवरता घेतला. त्या योजनेतून शिकलेल्यांपैकी एक बिल क्लिंटन. त्यांच्याच सरकारने १९९३ मध्ये देशपातळीवरची पहिली उत्पन्नाधारित योजना आणली.

दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढतं, हे कसं?

हप्ता पगारावर ठरतो, व्याज मात्र मुद्दलावर चढतं. महिन्याचं व्याज २५० डॉलर आणि तुमचा हप्ता १७९ असेल, तर ७१ डॉलर दर महिन्याला साचत जातात. शेवटी माफ होणार हे कागदावर ठीक, पण दहा वर्षं भरून आकडा वाढलेला पाहिल्यावर माणूस खचतो. मोठ्या माफीची मागणी इतकी तापली त्यामागे हा अनुभव फार आहे. शिवाय २०२२ पूर्वी वीस-पंचवीस वर्षांनंतरची माफी प्रत्यक्षात अगदी मोजक्या लोकांनाच मिळाली होती. हप्त्यांची नोंद कंत्राटदारांनी नीट ठेवली नव्हती, आणि अडचणीतल्या लोकांना पगारानुसार हप्त्यात घालण्याऐवजी 'सध्या भरू नका' म्हणून थांबवून ठेवलं होतं. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर चौदा लाखांहून अधिक लोक माफीला पात्र निघाले.

सेव्ह योजना बंद का पडली?

मोठी माफी रद्द झाली त्याच सुमारास, २०२३ च्या उन्हाळ्यात, सेव्ह आली. हप्त्यात न मावणारं व्याज सरकार सोडून देणार, आणि मूळ कर्ज १२,००० डॉलरपर्यंत असेल तर दहा वर्षांत सुटका. विरोधकांनी ही मागच्या दाराने आणलेली माफीच आहे म्हटलं. माझ्या मते त्यात तथ्य होतं. मिसूरी, कॅन्ससच्या पुढाकाराने रिपब्लिकन राज्यं पुन्हा कोर्टात गेली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात योजना गोठली. त्यात नाव घातलेले सत्तर-ऐंशी लाख लोक अधांतरी राहिले. हप्ता नव्हता, पण माफीकडे वर्षंही मोजली जात नव्हती. १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांच्यावर व्याज पुन्हा चढू लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने मिसूरीशी तडजोड करून योजना गुंडाळायचं जाहीर केलं.

'रॅप' ही नवी योजना काय आहे?

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल'मधली. तिची सुरुवात १ जुलै २०२६ पासून. त्या तारखेनंतर नवं कर्ज घेणाऱ्याला दोनच पर्याय: ठरीव हप्ता किंवा रॅप. पगारानुसार हप्त्याच्या जुन्या योजनांपैकी 'सेव्ह', 'पे' आणि 'आयसीआर' २०२८ च्या जुलैपर्यंत बंद व्हायच्या आहेत. जुन्या कर्जदारांना आयबीआर शिल्लक राहते.

रॅपमध्ये जगण्यापुरतं बाजूला ठेवणं नाही. सगळ्या समायोजित ढोबळ उत्पन्नावर १ ते १० टक्के, कमीत कमी महिन्याला १० डॉलर, अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलामागे महिना ५० डॉलर सूट, आणि माफी तीस वर्षांनी. हप्त्यात न मावलेलं व्याज सोडून दिलं जातं, आणि मुद्दल दर महिन्याला थोडंतरी कमी होईल अशी तरतूद आहे. आकडा फुगत जाण्याच्या दुखण्यावर हा खरा इलाज आहे, तो रिपब्लिकनांनी केला म्हणून नाकारायचं कारण नाही.

मघाचीच मुलगी रॅपमध्ये ४ टक्क्यांच्या गटात बसते. हप्ता १५० डॉलर, आयबीआरपेक्षा कमी. पण वर्षाला १२,००० कमावणाऱ्याला आयबीआरमध्ये शून्य भरावं लागत होतं, इथे १० डॉलर. आणि पगाराच्या पायऱ्या विचित्र आहेत. पगार ५०,००० वरून ५०,००१ झाला की टक्के चारचे पाच होतात आणि हप्ता महिन्याला सुमारे ४२ डॉलरने चढतो. एका डॉलरच्या पगारवाढीची ही किंमत! या पायऱ्या महागाईशी जोडलेल्याही नाहीत, त्यामुळे पगार महागाईपुरता वाढला तरी माणूस वरच्या पायरीवर ढकलला जाणार.

ज्यांनी पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलं, त्यांच्यावर हा अन्याय नाही का?

अमेरिकेत हा प्रश्न जितक्या पोटतिडकीने विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नाही. दहांतल्या सहापेक्षा जास्त प्रौढांकडे पदवीच नाही. पदवीधरांचं कर्ज प्लंबरच्या करातून का फेडायचं, ही त्याची दुसरी बाजू.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवीन वाटू नये. २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफीत अगदी हाच सूर होता: थकवणाऱ्याला माफी आणि नियमित भरणाऱ्याला काय? आपल्याकडे त्यावर तोडगा निघाला, नियमित फेड करणाऱ्याला प्रोत्साहनपर रक्कम. आधी २५,००० आणि नंतर ५०,००० रुपयांपर्यंत. ती कोणाला वेळेवर मिळाली हा वेगळा विषय, पण निदान प्रश्नाची दखल घेतली गेली. अमेरिकेतल्या कोणत्याही योजनेत फेडून मोकळ्या झालेल्यांसाठी असं काही नव्हतं, आणि माझ्या मते डेमोक्रॅट तिथे राजकीयदृष्ट्या कमी पडले. समर्थकांचं उत्तर असं की कोविडमध्ये कामगारांचे पगार चालू राहावेत म्हणून धंदेवाल्यांना दिलेली 'पीपीपी' कर्जं माफ झाली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. व्हाइट हाउसने तर ऑगस्ट २०२२ मध्ये, टीका करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांची नावं आणि त्यांना माफ झालेले आकडे ट्विटरवर टाकले होते. टोमणा झकास होता. पण प्लंबरच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

म्हणजे डेमोक्रॅट माफीच्या बाजूने आणि रिपब्लिकन विरोधात, असंच ना?

आजची रेघ तशी आहे, इतिहास तसा नाही. पीएसएलएफवर सही बुश यांची. २०१६ च्या प्रचारात ट्रम्प यांनी उत्पन्नाच्या १२.५ टक्के हप्ता आणि पंधरा वर्षांनी माफी सुचवली होती, जी आताच्या रॅपपेक्षा वर्षांच्या बाबतीत बरीच उदार होती. मार्च २०२० मध्ये हप्ते थांबवणारेही ट्रम्पच. ती विश्रांती पुढे साडेतीन वर्षं चालली. उलट २०२२ ची माफी जाहीर झाल्यावर महागाई भडकेल म्हणून टीका करणाऱ्यांत लॅरी समर्स आणि जेसन फर्मन होते, दोघेही डेमोक्रॅट सरकारांत काम केलेले अर्थतज्ज्ञ. सिनेटर बर्नी सँडर्स यांना सगळं कर्ज माफ हवं होतं, सिनेटर एलिझाबेथ वॉरन ५०,००० म्हणत होत्या, बायडन १०,००० च्या पुढे जायला नाखूश होते.

दिवाळं काढून यातून सुटता येतं का?

जवळजवळ नाही. १९७६ पासून काँग्रेसने ही वाट टप्प्याटप्प्याने आवळली, आणि २००५ च्या कायद्याने खासगी शिक्षणकर्जालाही तोच नियम लावला. त्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्या सिनेटरांत जो बायडन होते.

माफ झालेल्या रकमेवर कर लागतो का?

२०२१ ते २०२५ अखेर केंद्राचा कर लागत नव्हता. २०२६ पासून पगारानुसार हप्त्यांनंतरची माफी पुन्हा उत्पन्न धरली जाते. साठ हजार माफ झाले तर त्या वर्षी साठ हजार कमावल्यासारखा कर. पीएसएलएफची माफी मात्र करमुक्तच आहे.

मुलगी मेडिकलला जाणार आहे. नव्या कायद्याने काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो. पदव्युत्तर शिक्षणाचा सगळा खर्च उचलणारं 'ग्रॅड प्लस' कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. वैद्यकीय, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा. इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,०००. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांचा खर्च यावर जातो, आणि वरचं कर्ज खासगी बँकेकडून काढलं तर त्याला ना पगारानुसार हप्ता, ना पीएसएलएफ. कर्ज सहज मिळतं म्हणून कॉलेजं फी वाढवतात, असा रिपब्लिकनांचा युक्तिवाद आहे. फी खरंच उतरेल का, यावर मी पैज लावणार नाही.

आई-वडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावे काढलेल्या 'पेरेंट प्लस' कर्जालाही मर्यादा आली: वर्षाला २०,०००, एका मुलामागे एकूण ६५,०००. नव्या पेरेंट प्लसला रॅप मिळत नाही.

मुलगा एफ-१ व्हिसावर एमएस करतोय. त्याला यातलं काय मिळेल?

काहीच नाही. केंद्राचं कर्ज नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि आणखी काही मोजक्या गटांना मिळतं. आई-वडिलांबरोबर एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर पाचव्या वर्षी आलेलं आणि न्यू जर्सीतच बारावीपर्यंत शिकलेलं मूलसुद्धा ग्रीन कार्ड नसेल तर बाहेरच. पुण्या-नाशिकहून जाणारी मुलं कर्ज काढतात ते भारतातल्या बँकेकडून किंवा वित्तकंपनीकडून, बहुतेकदा फ्लॅट नाहीतर जमीन तारण ठेवून. तिथे अभ्यासक्रम आणि वर साधारण वर्षभर सवलत, मग ठरीव हप्ता. नोकरी लागो न लागो. व्याजावर कलम ८० ई खाली आठ वर्षं करवजावट मिळू शकते, तीसुद्धा जुनी करपद्धत निवडली तरच. अमेरिकेत कितीही मोठी माफी झाली तरी या कर्जाचा एक रुपयाही कमी होत नाही. तेव्हा 'तिकडे कर्जं माफ होतात म्हणे' या भरवशावर सही करू नये.

फोन येतो: 'तुमचं कर्ज माफ करून देतो, आधी फी भरा.'

फोन ठेवून द्या. सरकारी योजनांचा अर्ज फुकट असतो.